तांबडाईचं पोट

परवा नगर जिल्ह्यातल्या कर्जतला एका लग्नाला गेले होते. परतताना भाच्याला म्हटलं, गाडी जरा सीना नदीच्या बाजूला घे, मावशीचं गाव बघू. म्हणताना सोपं वाटलं. पण देवळापाशी उतरल्यावर उगाच आले असं वाटायला लागलं.

देवळापुढे आता स्लॅबचा मोठा मंडप झाला आहे. खाली पाय घसरेल अशी फरशी, वर पंखे, समोर काचेच्या मखरात संगमरवरी देवी. अंगावर हिरवी पैठणी, ओठांना लाली, चेहऱ्यावर कुणालाच न दुखवणारं हसू. जुनं दगडी देऊळ या मंडपाच्या पाठीशी तसंच उभं आहे. मखराच्या कडेने एक अरुंद वाट आत जाते आणि तिच्या टोकाला गाभाऱ्याचं काळोखं दार दिसतं. मी त्या दाराकडे बघत फरशीवर बसून राहिले. भाचा चहा पिऊन आला तरी मला आत जायचा धीर होईना. आत जुनी देवी, तांबडाई, आहे की नाही एवढंच मला बघायचं होतं. नसली तर काय, ते मला ठाऊक नव्हतं.

माझ्या लहानपणी मे महिन्यात त्या गावात गार जागा एकच होती, ती म्हणजे हे देऊळ. नगरहून एस.टी.ने धूळ खात यायचं, मावशीच्या रांजणातलं पाणी प्यायचं आणि तडक देवळात जाऊन दगडावर गाल टेकायचा. दुपारी गावातल्या बायका तिथेच बसत. कुणी ज्वारी निवडतंय, कुणी वाकळेला टाके घालतंय, कुणी सासूबद्दल हळू आवाजात बोलतंय. सुपातले खडे बाजूला टाकल्याचा टक टक आवाज खांबांमधून फिरत राहायचा. वरच्या काळोखात वटवाघळं अंग हलवायची आणि त्यांचा उग्र वास मधूनच खाली यायचा.

बाहेरच्या भिंतींवर दगडाच्या बायका होत्या. शास्त्रात त्यांना सुरसुंदरी म्हणतात हे मी फार पुढे शिकले. गावात त्यांची नावं वेगळी होती. पायातला काटा काढणारी ती काटेवाली. आरशात बघणारी ती नटवी. जिचं लुगडं माकड ओढतंय ती वांदरवाली. लग्न ठरलेल्या मुली जाता-येता नटवीच्या गालाला बोट लावायच्या, त्यामुळे तिचा गाल तेवढा काळा तुळतुळीत झाला होता. वांदरवालीकडे बघून मात्र थोरल्या बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि का हसता म्हणून विचारलं की पाठीत धपाटा मिळायचा.

आणि आत तांबडाई. दर मंगळवारी तेलात कालवलेला शेंदूर तिच्या अंगावर चढायचा. किती पिढ्या चढत होता देव जाणे. नाक, मान, हातपाय, सगळं त्या शेंदरात केव्हाच बुडालं होतं. उरला होता एक मोठा लाल गोळा आणि त्यावर बसवलेले दोन चांदीचे डोळे. मोठी खात्यापित्या घरची वाटायची ती. बाळसं धरलेलं मूल दिसलं की गावात म्हणायचे, तांबडाईवानी गुबगुबीत हाय. जुनं तेल, ओला शेंदूर, नारळाचं पाणी आणि कापूर, असा एक जडशीळ वास गाभाऱ्यात भरून असायचा. सुट्टी संपवून नगरला सावेडीतल्या घरी आले तरी तो माझ्या केसांतून दोन दिवस जायचा नाही, आणि आई वैतागून डोक्यावर पाणी ओतायची.

मी पुण्याला प्राचीन इतिहास शिकायला गेले त्या सुमाराची, नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. मूर्तिशास्त्राचा पेपर नुकताच दिला होता आणि दिसेल त्या दगडाचं नाव सांगायची खोड लागली होती. चैत्र होता. मी मावशीजवळ देवळात बसले होते. आतून एकदम मोठं मडकं फुटल्यासारखा आवाज झाला, आणि मागोमाग किसन गुरव बाहेर आला. त्याच्या अंगावर, डोक्यावर लाल भुगा होता. आईनं खोळ टाकली, एवढंच तो म्हणाला आणि खाली बसला.

शेंदराचे थर वाढत वाढत एक दिवस आपल्याच भाराने निखळतात. गावाच्या लेखी ते देवीनेच अंगावरून उतरवलेलं असतं, आणि त्याचा मान ठेवावा लागतो. बायकांनी नवी लुगडी आणली, पडलेले तुकडे त्यात वेचले. मी एक तुकडा हातात घेऊन बघितला. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर होते, वरचे नारिंगी, मधले विटकरी, अगदी आतले काळपट. किती मंगळवार माझ्या तळहातावर होते कोण जाणे. मग हलगी वाजवत सगळं गाव नदीवर गेलं. सीना वाळून पडली होती, पण देवळाखालच्या डोहात हिरवं पाणी होतं. त्यात खोळ सोडली तेव्हा पाण्यावर बराच वेळ तेलाचे रंग पसरत राहिले.

परत आलो तोवर किसन गुरवाने शिकेकाई आणि गरम पाण्याने मूर्ती धुऊन काढली होती. समई पुढे सरकवली, आणि सगळ्यांनी प्रथमच तांबडाईला पाहिलं.

ती काळी होती. आणि इतकी वाळलेली, की छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात. डोळे खोल गेलेले, स्तन सुकून लोंबणारे, गळ्यात कवट्यांची माळ. बसली होती ती एका प्रेतावर. एका हातात सुरी, एका हातात कवटीची वाटी, एक हात मनगटातून तुटलेला, आणि डाव्या हाताची करंगळी तिने तोंडात धरली होती. पोट पाठीला लागलेलं, आणि त्या खोलगट पोटावर एक विंचू कोरलेला.

माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच क्षणी आनंदही झाला, कारण मला ती ओळखता आली. मी मागून मोठ्याने सांगितलं, ही चामुंडा आहे. सप्तमातृकांमधली शेवटची. चंड आणि मुंड यांना मारणारी. हजारेक वर्षांपूर्वीची असेल. विंचू हीच तिची खूण. मी आणखीही बरंच काही सांगत होते, पण कुणी ऐकत नव्हतं. बायका नुसत्या बघत होत्या. मग एक म्हातारी म्हणाली, केवढी वाळलीया माय. दुसरी म्हणाली, भूक अशीच डसती, विंचवावानी. तिसरीने तोंडाशी गेलेल्या त्या हाताकडे बोट दाखवलं. मला जी मूर्तिशास्त्रातली एक मुद्रा वाटत होती, ती त्यांना सरळ कळली होती. ती खायला मागत होती.

त्यानंतर जे सुरू झालं ते आठवून मला अजून हसू येतं. इतकी वर्षं आपण निवद दाखवतो तो जातो कुठे, असा प्रश्न निघाला. ताट आईपुढे धरायचं, पाणी फिरवायचं आणि घरी आणून आपणच जेवायचं. एखादं ताट मागे राहिलं तर ते गुरवाच्या घरी. सगळ्यांच्या नजरा किसन गुरवाकडे वळल्या. तो बिचारा अंगाने भरलेला होता. त्याने शपथा घ्यायला सुरुवात केली आणि बायकोला साक्षीला बोलावलं.

पुरुषांचा विचार वेगळ्या दिशेने चालला होता. सकाळी पारावर बैठक बसली. सरपंच तात्या शांत माणूस, कुणाशी वाकडं नसलेला. त्यांचं म्हणणं एवढंच की मूर्ती खंडित आहे. काहींनी पुन्हा शेंदूर चढवा म्हटलं, पण तुटका हात सगळ्यांनी पाहिला होता, आणि पाहिल्यावर न पाहिल्यासारखं कसं करणार. शिवाय लेकरं घाबरतात, गरोदर बायकांनी हे असलं बघू नये. ट्रकच्या धंद्यात बरकत आलेल्या एकाने जयपूरहून संगमरवरी मूर्ती आणायचं कबूल केलं होतं. मग जुनीला वाजतगाजत डोहात सोडायचं ठरलं. मी उठून बोलले. म्हटलं, अशी मूर्ती जिल्ह्यात शोधून सापडणार नाही, निदान कुणा जाणकाराला तरी दाखवा. तात्या म्हणाले, जाणकार आला की तो उचलून शहरात नेणार. ती शहरात गेली काय आणि डोहात गेली काय, गावाला सारखंच. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी खाली बसले.

तेव्हा गोदामावशी उठली. अंगाने किरकोळ, पदर खोचलेला, हातात अजून सूप. बैठकीत गावातल्या बायका बोलत नसत, मी शहरातली पाहुणी म्हणून खपून गेले होते. ती पाराच्या खालीच उभी राहिली आणि तिने तात्यांना विचारलं, आईला वाटंला लावताना शिदोरी देणार ना. तात्या म्हणाले, देणार की. गौरी-गणपतीलाही दहीभात बांधून देतो आपण, ही तर गावाची आई.

"शिदोरी वाटंसाठी असती," मावशी म्हणाली. "ती जेवलेल्या मानसाला देत्यात. घरातनं कुनाला उपाशी उठवून वाटंला लावलेलं हाय का या गावात? आदी तिला जेवू घालू. तिचं पोट भरलं की मीच येऊन सांगंन, मंग न्या."

तात्या जरा हसले आणि म्हणाले, घाला बाई जेवू, चार दिवस घाला, आमची ना नाही. सगळ्यांच्या देखत ते तसं म्हणाले, आणि तिथेच फसले.

दुसऱ्या दिवसापासून मावशीचं ताट सुरू झालं. दाखवायचा निवद नव्हे, जेवण. ताट आईपुढे ठेवायचं, दाराबाहेर पाठ करून बसायचं, आणि नंतर ते अन्न घरी न आणता नदीकाठी पाखरांना, कुत्र्यांना घालायचं. त्यांच्या मुखाने ती जेवते, असं मावशीने ठरवून टाकलं. हळूहळू इतर बायका आल्या, मग घरोघर पाळी लागली. किसन गुरवाने पहिली पाळी स्वतः मागून घेतली.

माझ्यासाठी ती दोन-तीन वर्षं म्हणजे त्या ताटातले ऋतू आहेत. उन्हाळ्यात ज्वारीची भाकरी, कैरी किसून केलेली चटणी आणि आंबील. आखाडात गुळाच्या कापण्या, तळणाचा वास थेट गाभाऱ्यापर्यंत. पावसाच्या झडीत हुलग्याचं माडगं, त्याची वाफ काळ्या दगडावर जमायची आणि फासळ्यांमधून थेंब ओघळायचे. थंडीत शेतातून थेट आणलेला हुरडा. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा. नवरात्रात प्रश्न आला. सगळ्या गावाला उपवास, मग आईला काय द्यायचं? मावशी म्हणाली, तिचा उपास हजार वर्षं चाललाय, आता सोडू द्या तिला. नऊही दिवस भाकरीच गेली. जुन्या शेंदराचा वास त्या गाभाऱ्यातून कधी गेला ते कळलंच नाही. त्या जागी चुलीचा, भाजल्या पिठाचा वास आला.

तात्या अधूनमधून देवळात येत आणि मावशीला विचारत, भरलं का पोट. मावशी त्यांना आत नेई, समई वर धरी आणि त्यांचाच हात देवीच्या पोटावर ठेवी. तुमीच बघा, म्हणे. तात्या बघत, मान हलवत आणि जात. दरम्यान संगमरवरी देवी येऊन पोचली. टेम्पोतून गवतात गुंडाळून आलेली ती मूर्ती शाळेच्या एका खोलीत ठेवली होती, आणि तिसरीची मुलं तिच्यापुढे पाढे म्हणत होती. दान देणारा चिडला होता. तात्यांची ओढाताण होत होती हे दिसत होतं, आणि मला त्यांची थोडी दया यायची. मावशीला येत नसे.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा मीच तिला छेडलं. नदीच्या कोरड्या वाळूतून आम्ही रिकामं ताट घेऊन परत येत होतो. मी म्हटलं, मावशी, तिला घडवलीच तशी आहे. सगळ्या पोथ्यांत ती भुकेलीच आहे. ते पोट भरणार नाही, हे तुला कळतं ना? की तात्यांना झुलवायला हे सगळं चाललंय?

मावशी थांबली. तिने ताट वाळूवर ठेवलं.

"बावन्नच्या दुष्काळात आमची आई अशीच दिसायची," ती म्हणाली. "ह्याच फासळ्या. खडी फोडायच्या कामावर मिळंल त्ये आमाला द्यायची अन् आपन करंगळी चोखत बसायची. आमाला वाटायचं, तिची सवय हाय. तुझी आई लहान हुती, तिला आठवत नसंल. तिला आमी उपाशीच वाटंला लावली, पोरी. आता दुसऱ्यांदा न्हाई."

माझी आजी माझ्यासाठी भिंतीवरचा एक पुसट फोटो होती. आईने तिच्याबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. मी मावशीचा हात धरला आणि आम्ही तशाच घरी गेलो. त्या दिवसानंतर मी तिच्यापुढे चामुंडा हा शब्द काढला नाही. पुण्यात प्रबंधात तो शेकडो वेळा लिहिला, आणि दरवेळी माझ्या डोळ्यांपुढे खडी फोडणारी एक बाई यायची.

शेवटी एका मंगळवारी तात्यांनी हात टेकले. देवळात सगळ्या बायका होत्या, मीही होते. ते आत गेले, पोटाला हात लावला आणि बाहेर येऊन दमल्या आवाजात म्हणाले, "गोदाक्का, दगडाचं पोट कसं भरंल हो?"

"त्ये तुमी आदी इचारायचं हुतं, तात्या," मावशी म्हणाली.

पहिले हसले ते तात्याच. मग सगळं देऊळ हसलं. पुढच्या महिन्यात जुन्या देवळापुढे पत्र्याचा मांडव घालून त्यात संगमरवरी देवी बसवली, आणि गाभारा जिचा होता तिचाच राहिला. मावशीने त्याचा कधी तोरा मिरवला नाही. त्या संध्याकाळीसुद्धा तिला दुसऱ्या दिवशीचं पीठ दळून आणायची घाई होती.

ते दशक सरता सरता मावशी गेली. शेवटचे काही दिवस नगरला दवाखान्यात होती. गावाहून बघायला आलेल्या शेजारणीला तिने पहिल्यांदा विचारलं ते हेच, की आज ताट कुणाचं गेलं. शेजारणीने घर सांगितलं, तेव्हा ती कुशीवर वळून झोपली. तिला मूलबाळ नव्हतं. घर विकलं गेलं, आणि माझं गावाला जाणं थांबलं. मला भीती वाटत होती. ती होती तोवर तिचा हट्ट होता. ती नाही म्हटल्यावर त्या काळ्या, तुटक्या हाताच्या बाईला कोण सांभाळणार? मंडप पक्का झाला, फरशी आली, हे कानावर यायचं, आणि मी पुढचं विचारायची नाही.

तर परवा मी त्या फरशीवर बसून होते आणि आत जात नव्हते. तेवढ्यात पंचविशीतली एक मुलगी पायऱ्या चढून आली. अंगावर पंजाबी ड्रेस, डोक्यावर ओढणी, हातात फडक्याने झाकलेलं ताट. संगमरवरी देवीला तिने चालता चालता नमस्कार केला आणि सरळ मागच्या वाटेने आत गेली. मी उठले आणि तिच्या मागोमाग गेले.

तांबडाई होती. काळीभोर, फासळ्यांसकट. पोट तेवढं हात लागून लागून आरशासारखं चकचकीत झालं होतं, आणि विंचू झिजून नुसता उंचवटा राहिला होता. मला हुंदका आला आणि मी तो येऊ दिला. मुलीने ताट ठेवलं. बाजरीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. मग ती बाहेर येऊन दाराकडे पाठ करून बसली. मीही तिच्याशेजारी तशीच बसले.

हे कशासाठी, मी विचारलं. तिने सांगितलं, दोन वर्षांपूर्वी ती जामखेडकडून इथे सून होऊन आली, आणि आज त्यांच्या घराची पाळी होती. आईचं पोट भरेपर्यंत तिला कुठे जाऊ द्यायचं नाही, असा इथला नेम आहे.

"हा नेम कुणी घातला?" मी विचारलं.

"कुनी घालाय कशाला पायजे," ती म्हणाली. "पयल्यापासनं हाय. देऊळ बांधलं तवापासनं."

गोदावरी हे नाव माझ्या जिभेवर आलं होतं. दिसेल त्याचं नाव सांगायची माझी खोड अजून गेलेली नाही. क्षणभर वाईटही वाटलं, की जिने हे सगळं उभं केलं तिची या मुलीला गंधवार्ता नाही. पण मग वाटलं, मावशी याहून जास्त काय जिंकणार होती? मी गप्प बसले, आणि मला फार बरं वाटलं.

थोड्या वेळाने मुलगी उठली आणि मला आत बोलावलं. तिने समई वर धरली. बाहेरचं कुणी आलं तर त्याला विचारायचंच असतं म्हणाली, आणि माझा हात धरून देवीच्या पोटावर ठेवला.

"बगा बरं, भरलंय का?"

दगड गार होता. तळवा त्या खळग्यात पूर्ण मावला.

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही भरलं."

"मंग ऱ्हाऊ द्या तिला," ती म्हणाली, आणि पाखरांना घालायला ताट उचलून नदीकडे निघाली.